दोन स्टार आणि बारा चुकलेले तारे

नमस्कार सर,

इंग्लंडमधल्या बार्नेटच्या लढाईसाठी तुम्ही आमच्याकडून २८ मि.मी. उंचीचे १२० छोटे खेळण्यातले शिपाई रंगवून घेतलेत आणि रिव्ह्यूत दोन स्टार दिलेत. तक्रारी चार आहेत: ऑक्सफर्ड या सरदाराच्या माणसांच्या छातीवरचा तारा सूर्यासारखा दिसतो, त्याच्याच बाजूचा सरदार वॉरिक याच्या तुकडीतले लाल कोट एका रंगाचे नाहीत, सरदारांना ढाली नाहीत, आणि माल तीन आठवडे उशिरा आला, त्यातही भाले वाकलेले.

ताऱ्याचं आधी सांगतो, कारण ती चूक निखालस आमची आहे. छातीवरची जागा जेमतेम तीन मि.मी.ची. आमच्या पेंटरने ताऱ्याला हौसेने जास्तीचे किरण काढले, तेही पिवळ्यात. झाला सूर्य, म्हणजे त्यांच्या शत्रूचं, राजा एडवर्डचं चिन्ह! बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो, १४ एप्रिल १४७१ ला बार्नेटच्या धुक्यात नेमकं हेच झालं होतं. ऑक्सफर्डचे लोक समोरची फळी मोडून, पाठलाग करून परत आले. त्यांच्या अंगावरचा तारा पाहून वॉरिकच्या बाजूच्याच लोकांना तो एडवर्डचा सूर्य वाटला आणि त्यांनी आपल्याच माणसांवर बाण सोडले. ‘दगा, दगा’ अशी ओरड झाली, फळी फुटली आणि वॉरिक त्याच दिवशी मारला गेला. त्यांनी धुक्यात केलेला घोटाळा आम्ही ट्यूबलाइटखाली केला. ते बारा शिपाई परत पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च आमचा.

लाल कोटांचं मात्र मी मान्य करणार नाही. त्या काळी इंग्लंडच्या सगळ्या फौजेला मिळून एक गणवेश नव्हता. ज्याचं मीठ खायचं त्याच्या रंगाचा कोट घालायचा, त्यावर त्याचं चिन्ह. वॉरिकचा कोट लाल आणि चिन्ह पांढऱ्या खडबडीत सोट्याचं. पण कापड वेगवेगळ्या ठाणांतलं, रंग वनस्पतीचा. कुणाचा कोट यंदाचा, कुणाचा चार पावसाळे खाल्लेला. म्हणून आम्ही मुद्दाम तीन लाल वापरले आणि सोटा सगळ्यांचा सारखा ठेवला. शिपाई हातात घेऊन पाहू नका, टेबलावर मांडून तीन फुटांवरून पाहा. तरीही एकच लाल हवा असेल तर करून देऊ, पण त्याची मजुरी वेगळी पडेल.

ढालींच्या अपेक्षेचा दोष मी सिनेमांना देतो. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला सरदार नखशिखांत पोलादी पत्र्यात असायचा. बहुतेक वेळा घोड्यावरून उतरून, दोन्ही हातांत लांब दांड्याची कुऱ्हाड धरून लढायचा. तिसरा हात कुठून आणणार? हाताएवढी छोटी गोल ढाल तिरंदाज मात्र बाळगायचे. आपल्या तिरंदाजांपैकी आठ जणांच्या कमरेला ती लटकवली आहे, बघितलीत का? त्यांच्या टोप्यांच्या गर्दीत दिसायला जरा अवघड आहे खरी.

उशीर पावसामुळे झाला. जुलैत हवा इतकी दमट असते की मॅट वॉर्निश मारलं की वर पांढुरकी साय धरते. एका रात्रीत चाळीस शिपाई तसे झाले आणि पुन्हा रंगवावे लागले. पण पावसाळा दरवर्षी येतो हे मला ठाऊक असताना मी तुम्हाला सहा आठवडे सांगायला नको होते. आता जून ते सप्टेंबरच्या ऑर्डरला दहा आठवडेच सांगतो.

भाले पांढऱ्या धातूच्या ओतकामाचे होते आणि डब्यातल्या फोमचा खाचा आम्ही उथळ कापला. ते हाताने सरळ करू नका, दोन-तीनदा वाकवले की मोडतात. मी स्टीलच्या तारेचे चोवीस नवीन भाले टोकं ठोकून तयार ठेवले आहेत. आधी वाटलं नुसते पाठवावेत, पण जुने कापून शिपायाच्या मुठीत भोक पाडायला पिन व्हाइस (हाताने फिरवायचं बारीक ड्रिल) लागतो आणि एखाद्या शिपायाचा हातच तुटायचा. तेव्हा ताऱ्यांच्या बारा शिपायांबरोबर भालेवालेही पाठवा, इथेच बसवून देतो.

पाठवताना टिश्यू पेपर गुंडाळू नका, रंगाला चिकटतो. आमच्याच डब्यात, आडवे ठेवून पाठवा. खाचे खोल कापलेला नवा फोम उद्याच्या कुरिअरने तुमच्याकडे निघतोय.