पी.जे.चा डबा आणि आजीचा डबा

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या पहूर गावात बंद पडलेल्या पाचोरा-जामनेर रेल्वेचा एक जुना डबा आणून जपायचा, यासाठी वर्गणी काढायचे चालले आहे. आज सकाळी गावच्या ग्रुपवर एकाने लिहिले, "त्या भंगार डब्यासाठी वर्गणी कशाला? त्यापेक्षा चौकात हायमास्ट लावा." दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

भंगार? पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, जिला आपण सगळे पी.जे. म्हणतो, शंभरेक वर्षे आपली माणसे आणि त्यांची गाठोडी वाहत राहिली आणि २०२० च्या टाळेबंदीत जी थांबली ती पुन्हा सुटली नाही. मी पाचोऱ्याला वसतिगृहात शिकत असताना आजी पहूरला सकाळच्या गाडीच्या गार्डकडे पितळी डबा द्यायची. फडक्यात घट्ट बांधलेला तो डबा कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन माझ्यापर्यंत यायचा आणि रिकामा होऊन संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. त्यासाठी ना पावती होती, ना भाडे.

ब्रॉडगेज व्हायलाच हवे, हे मान्य. अडीच फुटी रुळांवर आजचा तालुका चालणार नाही. पण म्हणून शेवटची खूणही कापून विकायची? नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे; आपल्या पोरांनी आपल्याच गावची गाडी पाहायला नागपूर गाठायचे का?

काम अशक्य नाही. क्रेनने डबा चाकांच्या बोगींवरून उचलायचा, दोन्ही वेगवेगळे ट्रेलरवर आणायचे, खडी, स्लीपर आणि जुने रूळ टाकून त्यावर पुन्हा बसवायचे. मात्र वर छप्पर नसेल तर कृपा करून आणूच नका, कारण दोन पावसाळ्यांत खालचा पत्रा गंजेल, लाकूड फुगेल आणि मग हेच लोक "बघा, सांगितले होते ना" म्हणतील. आणि त्यावर फुलपाखराचे पंख रंगवून सेल्फी पॉइंट करणाऱ्याला आधीच हात जोडतो.

हायमास्टवाल्याचेही अगदीच चूक नाही, चौकात अंधार असतोच. सकाळी मी त्याला जरा जास्तच बोललो.

एकदा मी तापाने फणफणलो होतो आणि स्टेशनवर डबा घ्यायला गेलो नाही. दुपारी दार वाजले. ड्यूटी संपवून, गणवेशातच, गार्डसाहेब खोली शोधत आले होते. "आजीला काय सांगू?" एवढेच त्यांनी विचारले. "जेवला म्हणून सांगा," मी म्हणालो. ते खाटेशेजारी बसले, फडके सोडले आणि मी अर्धी भाकरी खाईपर्यंत हलले नाहीत; खोटा निरोप नेणार नाही म्हणाले.

रविवारी सकाळी वर्गणीची बैठक आहे. मी येताना तो पितळी डबा घेऊन येतो, त्याच फडक्यात बांधून.