कोथिंबिरीच्या भावात कंपनी

पेनी स्टॉक, म्हणजे चार-आठ रुपयांचा शेअर, घ्यायचा तर सर्वात आधी डोक्यातून ते टायरवालं एमआरएफ काढून टाका. एका शेअरला लाखाच्या वर पैसे मोजायचे आणि डिमॅट, म्हणजे शेअरचं खातं, उघडल्यावर काय दिसणार, तर क्वांटिटी एक. एक! हे काय चारचौघांत सांगण्यासारखं आहे? तेवढ्याच पैशांत आठ रुपयांवाला शेअर घेतलात तर बारा हजारांच्या वर येतात. ‘आपल्याकडे बारा हजार पडलेत’ हे वाक्य ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून जरा मोठ्याने म्हणून बघा. कशाचे, ते कोणी विचारत नाही.

जांभळी नाक्याच्या मंडईत रात्री उशिरा कोथिंबिरीच्या जुड्या मातीमोल भावात काढतात. तेव्हा आपल्या घरची माणसं ती जुडी उलटीपालटी करून बघतात. पानं काळी पडलीत का, देठ चिकट लागतोय का, मधे गवत किती घातलंय. शेअरच्या बाबतीत एवढं चिकित्सक होऊ नये. कंपनीचे एकूण शेअर किती, हा प्रश्न तर अजिबात नको. वीस कोटी शेअर असले तर आठ रुपयांच्या भावाने सबंध कंपनीची किंमत १६० कोटी होते, आणि तिचा वर्षाचा नफा आपल्या सोसायटीच्या सिंकिंग फंडापेक्षा कमी निघतो. असली गणितं करणारी माणसं जन्मभर फिक्स्ड डिपॉझिटचं व्याज मोजत बसतात.

आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या कर्जाच्या फायली तपासल्या. जामीनदाराच्या सहीला एक वेलांटी कमी पडली तर फाईल परत पाठवायचे. या माणसाने आयुष्यातला पहिला पेनी स्टॉक घ्यायचं दूध तापायला लागतं तेवढ्या वेळात ठरवलं. ५००० शेअर, ८ रुपये ४० पैसे. त्यांचं उदाहरण मी पुढे वारंवार देणार आहे, कारण माझे स्वतःचे एक हजार आहेत आणि त्याबद्दल मी बोलत नाही.

दुसरी पायरी म्हणजे ग्रुप. टेलिग्रामवर असावा, व्हॉट्सअॅप आता नातेवाइकांचं झालंय. ग्रुपचं काम काय, याबद्दल लोकांचा गैरसमज आहे. माहिती मिळते म्हणून कोणी ग्रुपमध्ये जात नाही. माहिती काय, फुकट पडलेली असते. तिमाही संपली की २१ दिवसांत शेअर कोणाकोणाकडे किती, हे कंपनीला जाहीर करावं लागतं. प्रमोटरने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, किती शेअर गहाण टाकलेत, ऑडिटरने कुठे शंका काढली, सगळं स्टॉक एक्सचेंजच्या साइटवर लावलेलं असतं, काकांच्या फायलीपेक्षा टापटीप. एकट्याने बसलं तर माणूस मोहात पडून ते वाचून काढेल. ग्रुपमध्ये दोनशे रॉकेटं आणि साडेतीनशे हात जोडलेले असले की ती वेळ येत नाही.

ग्रुपच्या प्रमुखाला ‘सर’ म्हणायचं. सरांचा चेहरा दिसत नाही, प्रोफाइलला सिंहाचा फोटो असतो. संशोधन करून शेअर सुचवायचे तर सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, २०१४ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते आणि नोंदणी क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो. हा क्रमांक सरांना विचारू नये. आमच्या ग्रुपवर वर्तकनगरच्या एका मुलाने विचारला, अगदी ‘सर, प्लीज’ लावून. दोन मिनिटांत त्याला काढलं आणि खाली मेसेज आला, ‘निगेटिव्ह लोकांपासून फॅमिलीला वाचवणं माझं कर्तव्य आहे.’ शंभर लोकांनी हात जोडले. त्यात मीही होतो, आता खोटं कशाला बोला. शिवाय सर प्रत्येक टिपेखाली ‘फक्त शैक्षणिक हेतूने’ असं लिहितात. ते वाचून खात्री पटते की काहीतरी शिकायला मिळणार आहे.

आता सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव किती वर किंवा खाली जाऊ शकतो ती मर्यादा. अपर सर्किट म्हणजे सगळे घ्यायला उभे आणि विकायला कोणी नाही. पाच टक्क्यांचं अपर सलग पंधरा दिवस लागलं की पैसे दुप्पट, हे गणित ग्रुपवर पोराबाळांना पाठ असतं. लोअरचं कोणी घोकत नाही. तिथे पाच टक्क्यांनी चौदा दिवसांत भाव निम्म्याच्या खाली जातो. उतरताना एक दिवस वाचतो.

अपर लागलेला शेअर आपल्याला मिळत नाही, आणि इथेच सगळी गंमत आहे. काका रोज सकाळी नऊच्या ठोक्याला, बाजार उघडायच्या आधीच, ऑर्डर टाकून ठेवायचे. रोज ती तशीच पडून राहायची. समोर लाखो शेअरची मागणी आणि विक्रीच्या रकान्यात शून्य. सहा दिवस काका तळमळले. काकूंनी पोहे पुढे ठेवले तरी लक्ष नाही. ‘माल कोणी सोडतच नाहीये रे,’ असं म्हणताना त्यांच्या आवाजात जो आदर होता, तो मी फक्त हापूसच्या पहिल्या पेटीबद्दल ऐकलाय. सातव्या दिवशी नऊ वाजून सोळा मिनिटांनी ऑर्डर लागली. पूर्ण पाच हजार, एका फटक्यात. काकूंनी देवापुढे साखर ठेवली.

सहा दिवस पाच शेअर न सोडणारे लोक सातव्या दिवशी एकाएकी पाच हजार सोडायला का तयार झाले, हा प्रश्न त्या सकाळी मनात आणू नये. ज्या दिवशी अपर सर्किटात आपली ऑर्डर लागते तो दिवस शुभ मानावा. आठव्या दिवशी लोअर लागलं.

लोअर लागलं की सर काय सांगतात ते पाठ करून ठेवा, कारण पुढची दोन वर्षं तेच ऐकायचंय. ‘ऑपरेटर कच्च्या लोकांना बाहेर काढतोय.’ हे वाक्य एकदा कानात गेलं की विकणं ही अब्रूची गोष्ट होते. आपण कच्चे आहोत असं कबूल कोण करणार? ऑपरेटर हा काय माणूस आहे, कुठे बसतो, कोणी पाहिलेला नाही. पण गावाकडे जसं वेशीवरच्या म्हसोबाला घाबरतातही आणि नारळही फोडतात, तसं त्याचं आहे. ‘आपल्या शेअरमागे तगडा ऑपरेटर आहे’ हे ग्रुपवर कौतुकाने सांगतात. त्याला माल उचलायला स्वस्तात लागतो आणि टाकायला कोणीतरी लागतं. तो कोणावर टाकतो, एवढंच तेवढं बोलायचं राहून जातं.

मार्च २०२३ मध्ये सेबीने साधना ब्रॉडकास्टच्या शेअरबद्दल आदेश काढला होता. यूट्यूबवर व्हिडिओ टाकले गेले की एक बडा उद्योगसमूह ही कंपनी घेतोय. लोक तुटून पडले. कंपनीचे छोटे भागधारक २,१६७ होते ते ५५,३४३ झाले आणि त्याच काळात मोठ्यांनी आपला माल चढ्या भावात रिकामा केला. मी हे काकांना वाचून दाखवलं. काकांनी चष्मा पुसला. ‘बघ, पंचावन्न हजार लोकांनी घेतला. एवढी माणसं उगाच घेतील का?’

शंका काकांना एकदाच आली होती. आमच्या शेअरच्या कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय वागळे इस्टेटमध्ये निघालं. ‘चल, बघून तर येऊ,’ म्हणाले. रिक्षाने गेलो. दुसऱ्या मजल्यावर गाळा. शटर खाली, कुलपाला गंज, फटीत खोचलेली चार-पाच पाकिटं, त्यातलं एक लाइट बिल. शेजारच्या गाळ्यात एक बाई खोक्यांवर लेबलं चिकटवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, ‘इथे कुरिअरवाला येतो कधीमधी. तोही असाच उभा राहतो आणि जातो.’

जिना उतरताना काका गप्प होते. त्यांच्यातला कर्ज-अधिकारी जागा झालेला मला दिसत होता, भुवई तशीच वर गेली होती. म्हटलं, सुटलो. रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, ‘ॲसेट लाइट मॉडेल आहे रे. हल्ली सगळे घरूनच काम करतात.’ आणि तीन हात नाक्याचा सिग्नल सुटायच्या आत आणखी ५०००, ६ रुपये १० पैशांनी.

याला ॲव्हरेज करणं म्हणतात. तिसऱ्यांदा त्यांनी ३ रुपये ९० पैशांना १०,००० घेतले, कारण तोवर ते ‘स्वस्त’ झाले होते. काकांची एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे, बँकेतल्या वळणाची, डावीकडे तारीख, उजवीकडे रकान्यात पैसे. त्यात लिहिलंय : एकूण शेअर २०,०००, गुंतवणूक १,११,५००, सरासरी ५.५८. सरासरीखाली दोन रेघा मारल्या आहेत. आजचा भाव लिहायला रकानाच नाही. ८.४० चे ५.५८ झाले, ही प्रगती त्या दोन रेघांत मावते. भाव ७१ पैशांवर आहे, पण ते बाजाराचं काम, वहीचं नव्हे.

तोट्याविषयी मन घट्ट करायला एक सूत्र लागतं. विकलं नाही तोवर तोटा नाही. यावर काकूंनी एकदा विचारलं, ‘अहो, मग मागच्या वर्षीचं लोणचं बुरशी आली तरी बरणी उघडली नाही तोवर चांगलंच का?’ काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. शेअर विकून तोटा दाखवला आणि विवरणपत्र वेळेत भरलं तर आयकर खातं तो तोटा पुढची आठ वर्षं भांडवली नफ्यातून वळता करू देतं. पण ही सवलत घ्यायची म्हणजे झालं ते कागदावर लिहून द्यायचं. त्यापेक्षा आठ वर्षं होल्ड केलेलं काय वाईट?

आकडेवारी घेऊन कोणी अंगावर आलं तर उत्तर तयार हवं. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे, म्हणजे पुढच्या भावावर पैज लावण्याचे, सौदे करणाऱ्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के बुडाले, मिळून १.८ लाख कोटींच्या वर. त्याआधी जुलैत सांगितलं होतं, इंट्राडेवाल्या, म्हणजे घेतलेला शेअर त्याच दिवशी विकणाऱ्या, दहातले सात तोट्यात. काका म्हणाले, ‘ते जुगारी. आपण डिलिव्हरीवाले.’ आणि खरंच, पुढे एक्सचेंजने आमचा शेअर ट्रेड-टु-ट्रेडमध्ये टाकला. म्हणजे सकाळी घेऊन दुपारी विकायची सोय बंद, घ्याल तो डिलिव्हरीनेच घ्या. सरांनी लिहिलं, ‘अभिनंदन! एक्सचेंजलाही वाटतं की हा लाँग टर्मचा शेअर आहे.’ आगीच्या बंबाचा आवाज ऐकून वरातीचा बँड आला म्हणावं, तसं काहीसं. पण त्या दिवशी ग्रुपवर मिठाईचे फोटो फिरले.

त्यानंतर शेअर जीएसएममध्ये गेला. ही २०१७ पासूनची पायऱ्या-पायऱ्यांची देखरेख आहे. कंपनीच्या तब्येतीशी भावाचा काही ताळमेळ नसला की एक्सचेंज शेअरला एकेक पायरी वर चढवतं. वरची पायरी म्हणजे बढती, असा अर्थ ग्रुपवर निघाला. तिसऱ्या पायरीवर सौदे आठवड्यातून एकदाच होतात, सोमवारी, आणि घेणाऱ्याला शेअरच्या किमतीएवढीच आणखी रक्कम अनामत ठेवावी लागते. सोमवार हा शंकराचा वार, म्हणून काका आता आधी कोपिनेश्वराला जातात, बेल वाहतात आणि मग मासुंदा तलावाच्या बाजूला कठड्याशी उभे राहून मोबाइल उघडतात. उरलेले सहा दिवस उच्च रक्तदाब नाही, डॉक्टरही खूश आहेत. नियमित देवदर्शन घडवणारी दुसरी कुठली गुंतवणूक असेल तर मला कळवा.

सरांचा ग्रुप या दरम्यान बंद झाला. बंद म्हणजे नाव बदललं, सिंहाच्या जागी गरुड आला आणि जुने मेसेज गेले. नव्या ग्रुपवर नवा शेअर आहे, दोन रुपये दहा पैसे. आधी सूत विकणारी कंपनी होती, आता सौरऊर्जेत उतरणार आहे म्हणतात.

गेल्या सोमवारी मीही काकांबरोबर होतो. माझे एक हजार काढून टाकायचं मनात होतं. हजार गुणिले ७१ पैसे, सातशे दहा रुपये, त्यातून डीपीचा, म्हणजे डिमॅट खातं सांभाळणाऱ्याचा, चार्ज आणि बाकीची किडुकमिडुक वजा. डिपॉझिटरीचा पिन टाकला, विक्रीची ऑर्डर लावली आणि रांगेत उभा राहिलो. विकणारे लाखांत, घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. पाण्यात बदकाच्या आकाराची पॅडलची होडी गोल गोल फिरत होती.

एवढ्यात व्हॉल्यूमचा आकडा हलला. पाचशे.

‘काका,’ मी ओरडलोच, ‘कोणीतरी घेतोय! पाचशे उचलले!’

काका मोबाइलवरून मान वर न करता खिशातली निळी वही काढत होते. ‘मीच घेतले,’ म्हणाले. ‘पेन आहे का? पाच सेहेचाळीस झाला ॲव्हरेज.’