डब्यावर अठरा, गिऱ्हाईक बारा

परवा इंदूरला जेल रोडवरच्या एका दुकानात माझ्यासमोर सहावीतल्या पोराने गेम घेतला. डब्यावर लाल चौकोनात ढळढळीत 18! मी बोट दाखवलं, तर दुकानदार म्हणतो, "अरे भिया, गेमच तो हे!"

गेमच तो हे? लौंग शेव देतानाही पोराला 'तीखी हे' म्हणून बजावता ना? मग मुंडकी उडवण्याचा खेळ हातात देताना तोंडाला कुलूप?

आणि घरचे? शेजारच्या आजींनी नातवाला वाढदिवसाला असलाच एक घेतला. 18 म्हणजे अठरावा भाग असेल, असं त्यांना वाटलं! (आधीचे सतरा पाहिलेत का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.) नातवाचे बाबा खूश. म्हणे, इंग्रजी सुधारतं! सुधारतंय ना. कसल्या कसल्या शिव्या पाठ झाल्यात कार्ट्याला!

'ए' प्रमाणपत्राच्या सिनेमाला हेच पोरगं दारातून परत पाठवतात. गेमला मात्र आपल्याकडे सेन्सॉर बोर्डच नाही. तो 18 चा शिक्का युरोपातल्या पेगीचा, म्हणजे कुठला गेम कुठल्या वयाला चालेल हे सांगणाऱ्या पद्धतीचा. ब्रिटनमध्ये 2012 पासून असा डबा अठराच्या आतल्या पोराला विकणं गुन्हा आहे. आमच्याकडे तो शिक्का कशासाठी? शोभेला? आमच्या दुकानदाराने तर त्या 18 वरच किमतीचं स्टिकर चिकटवलं. वर पोराला म्हणाला, "इसका अगला पार्ट भी आएगा, ले जाना!"