नागभीडच्या ताईंनी दिलेल्या दोन स्टारबद्दल

ताई, नमस्कार.

आमच्या सिंदेवाहीच्या दुकानातून नेलेल्या खुर्चीला तुम्ही दोन स्टार दिलेत. तुमचं म्हणणं असं की साडेनऊ हजार मोजूनही पीक विम्याच्या गर्दीत सेवा केंद्रात दिवसभर बसलं की कंबर धरते, पाय बधिर होतात, खुर्चीची पाठ ढिली असल्यासारखी मागे जाते. तशीच खुर्ची ऑनलाइन सहा हजारांत दिसते. आणि तुम्ही मागितलेली, डोकं टेकायची उंच खुर्ची मी दिली नाही. सोबत फोटो टाकलात ते फार बरं केलं, कारण दुखण्याचं मूळ त्या फोटोतच दिसतं.

फोटोत तुमच्या टाचा जमिनीला लागलेल्या नाहीत. पायाची बोटं खाली, चाकांच्या वरच्या दांड्यावर टेकवली आहेत. तुम्ही गादीच्या पुढच्या भागावर बसल्या आहात आणि तुमची पाठ व खुर्चीची जाळी यांच्यात पंजा आरामात जाईल एवढी फट आहे. म्हणजे ज्या पाठीसाठी तुम्ही पैसे दिले, ती तुमच्या पाठीला लागतच नाही.

आता टेबल पाहा. सागवानाचं आहे, जुनं आणि मजबूत आहे, पण आपल्याकडचे सुतार टेबल ३० इंचांचं करतात. वहीत लिहायला ते चालून जातं. दुकानात तुम्ही तळपाय फरशीवर ठेवून बसलात तेव्हा तुमचं कोपर जमिनीपासून साधारण २५ इंचांवर होतं, मी टेपनं मोजलं होतं. कीबोर्ड कोपराच्या पातळीला हवा. मधले पाच इंच भरून काढायला तुम्ही खुर्ची वर घेतली, हात टेबलावर आले आणि पाय लटकले. पाय लटकले की गादीची पुढची कड मांडीखाली दाबते आणि मुंग्या येतात. ते टाळायला माणूस आपसूक पुढे सरकतो, पाठीचा आधार सुटतो, आणि मग दिवसभर सगळा भार कंबरेवर. पाच फूट उंचीच्या माणसाला ३० इंचांच्या टेबलावर कोणतीही खुर्ची दिली, वीस हजारांची दिली, तरी हेच होणार.

उपाय सोपा आहे. खुर्ची आता आहे तेवढीच उंच ठेवा आणि पायाखाली चार-पाच इंच उंचीचा पाट घ्या. तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत, नुसती बोटं नाही. मग मागे सरकून बसा. गुडघ्याची मागची बाजू आणि गादीची कड यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. खुर्चीच्या पाठीवरचा, कंबरेला आधार देणारा उंचवटा वर-खाली होतो, तो बेंबीच्या बरोबर मागे आणा. फोटोत तो बराच वर आहे. शिवाय अंगठा घ्यायचं मशीन प्रिंटरच्या पलीकडे आहे, म्हणून प्रत्येक शेतकऱ्याच्या वेळी तुम्ही कंबरेतून वळत असणार. ते समोर, हाताच्या टप्प्यात घ्या. वळायचंच असेल तर खुर्चीसकट वळा, ती त्यासाठीच फिरते.

पाठ मागे जाते ती ढिली म्हणून नाही. उजवीकडचा खटका आत ढकलला की ती जागेवर पक्की होते, आणि गादीखालची गोल मूठ फिरवली की कमी-जास्त कडक होते. पण मी तुम्हाला ती दिवसभर पक्की करून ठेवू नका असंच सांगेन. ताठ बसणं म्हणजे चांगलं बसणं, असं आपल्याला शाळेपासून शिकवलं. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा आधाराशिवाय बसल्यावर तो जास्त भरला, आणि मागे रेलून पाठ टेकली की कमी झाला. थोडं मागे, मांड्या आणि पाठ यांच्यात १०० ते ११० अंशांचा कोन होईल असं बसलेलं बरं. अर्ध्या-पाऊण तासानं उठून दोन मिनिटं चाला, रांगेतल्या माणसांना तेवढं चालतं.

उंच खुर्ची मी दिली नाही, आणि आजही देणार नाही. तिची गादी २० इंच खोल आहे. तुम्ही पाठ टेकवली असती तर कड थेट पोटरीत रुतली असती. वर ती रेक्झिनची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, लाइट गेली की त्या रेक्झिनवर तासभर बसवत नाही, आणि काही उन्हाळ्यांनंतर त्याची सालं निघायला लागतात. ती खुर्ची महाग होती, विकली असती तर माझा फायदाच होता.

ऑनलाइनच्या किमतीला मी पुरा पडणार नाही. फोटोत दोन्ही सारख्या दिसतात, पण घेण्याआधी खालचा पाया धातूचा की प्लॅस्टिकचा, गादीचा फोम किती घनतेचा आणि खुर्ची वर-खाली करणारा गॅसचा दांडा बिघडल्यावर बदलून कोण देणार, एवढं जरूर विचारा.

एक मात्र मनापासून सांगतो. कळ कंबरेतून पायात खालपर्यंत जात असेल, किंवा उठून चालल्यावरही बधिरपणा जात नसेल, तर खुर्चीच्या नादात थांबू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

शनिवारी आमची गाडी नागभीडला माल पोचवायला येते. मुलगा पाट आणि नट आवळायचे पाने घेऊन येईल, उंचवटा आणि मूठ तुमच्या मापानं लावून देईल, टेबलाखाली कीबोर्डची सरकती फळी बसवायला गुडघ्याला जागा उरते का तेही मोजेल. याचे पैसे नाहीत. पंधरा दिवस असं बसून पाहा, तरी जमलं नाही तर त्याच गाडीत खुर्ची परत पाठवा, पूर्ण रक्कम देईन. सेवा केंद्रातली गर्दी कोणत्या वेळी कमी असते तेवढं दुकानाच्या फोनवर कळवा, म्हणजे तुमचं काम अडणार नाही.