'उपाशी सायकल टूर' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

फ्रान्समधल्या बर्गंडीच्या टूरबद्दल वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. सोमवारी दुपारी तुम्हाला आणि वहिनींना गरम जेवण मिळालं नाही, गैरसोय झाली, त्याबद्दल मी आणि माझी पत्नी दोघंही दिलगीर आहोत. हे सुरुवातीलाच लिहितोय, नाहीतर पुढचं वाचून लोकांना वाटायचं की आम्ही भांडायलाच बसलोय.

दोन तारे दिलेत, तो तुमचा हक्क आहे. पण शीर्षकच 'उपाशी सायकल टूर', आणि खाली 'पावणेतीन लाख घेऊन श्रावण नसताना सोमवार घडवला' हे वाक्य! वाक्य झकास जमलंय, त्यामुळे ते तुमच्या रिव्ह्यूपुरतं राहिलं नाही. ठाण्याच्या एका सायकल ग्रुपवरून फिरत फिरत ते मलाच परत आलं, हसणाऱ्या तोंडांसकट. म्हणून त्या सोमवारी काय झालं ते मला सांगू द्या.

दिजोंहून बोनला जायचा तो दिवस. जुन्या द्राक्षमळ्यांमधून जाणारा हा रस्ता 1937 पासून 'रूत दे ग्रां क्रू', म्हणजे नामांकित वाईन-मळ्यांचा रस्ता, म्हणून ओळखला जातो. मार्साने, फिसाँ, जव्रे-शांबर्तां, वूजो, व्होन-रोमाने अशी गावं एकामागून एक येतात. न्युई-सँ-जॉर्जपर्यंत अंतर साधारण 25 किलोमीटर, चढ किरकोळ. ज्याने बोपदेव घाट एकदा जरी चढलाय त्याला तिथे धाप लागायचं कारण नाही. जेवण न्युईला साडेबाराचं बुक होतं. सकाळी साडेआठला निघायचं, रमतगमत पेडल मारलं, जव्रेला कॉफी घेतली, दोन ठिकाणी फोटो काढले तरी साडेअकराला पोचतो. म्हणजे एक तास हाताशी ठेवूनच मी वेळापत्रक लावलं होतं. आदल्या रात्री ग्रुपवर तसा मेसेजही टाकला होता: 'उद्या सोमवार. तिथलं स्वयंपाकघर दीड वाजता शेवटची ऑर्डर घेतं, त्यानंतर काही मिळणार नाही.' त्यावर तुमचा अंगठा आलेला आहे, सर.

आपण निघालो नऊ वीसला. दोघांच्या सीटची उंची परत लावायची होती, ते काम माझंच. तुम्ही पॉवर बँक आणायला खोलीवर गेलात, नंतर सनस्क्रीन आणायला. वूजोच्या शातोपाशी, म्हणजे जुन्या गढीपाशी, वीस मिनिटं धरली होती, तिथे पंचावन्न गेली. वहिनींना पैठणी नेसून त्या दगडी भिंतीशी फोटो हवे होते. हौस असते आणि असावी. व्हॅनच्या मागच्या दाराला चादर लावून माझ्या पत्नीनेच आडोसा केला, फोटो मीच काढले, आणि खरं सांगायचं तर सुंदर आलेत. पन्नास हेक्टरांचा तो मळा, 12व्या शतकात सितोच्या मठातल्या साधूंनी उभा केलेला, त्यापुढे जांभळी पैठणी! माझी तक्रार नाही. फक्त ती पस्तीस मिनिटं कुठून तरी वजा होणारच होती.

पुढे एक पंक्चर झालं. ते आमच्या खात्यावर. वीस मिनिटं.

मग व्होन-रोमाने. हा भाग खरं तर लिहिणार नव्हतो, पण 'उगाच एका क्रॉससमोर उभं करून ताटकळवलं' असं तुम्ही लिहिलंय, म्हणून. तो क्रॉस रोमाने-कोंतीच्या मळ्याचा. जेमतेम 1.8 हेक्टर जमीन, आणि तिथली वाईन जगातल्या सगळ्यात महाग वाईनांमध्ये गणली जाते. तिथल्या बुटक्या भिंतीवर पाटी आहे, फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीतही: रस्त्यावरच थांबा, मळ्यात पाऊल टाकू नका. तिथे आपण सगळे नीट वागलो. पण शंभर पावलं पुढे गेल्यावर तुम्ही दुसऱ्या मळ्यात शिरलात आणि घड तोडलात. सप्टेंबरचा पहिला आठवडा, तोडणी तोंडावर आलेली. ट्रॅक्टरवरचा माणूस ओरडत खाली उतरला. पुढची पंधरा मिनिटं मी त्याची माफी मागत होतो, आणि तुम्ही मात्र बाकीच्यांना सांगत होतात की द्राक्षं आंबट आणि बियांची आहेत, नाशकात यापेक्षा कितीतरी गोड मिळतात.

सर, माझं आजोळ निफाडचं. मामाची बाग अजून आहे. रस्त्याने जाणाऱ्या कुणी गाडी थांबवून घड तोडला, तर मामा काय म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही. आपल्याकडे मांडवावर खायची द्राक्षं लोंबतात. तिथे वेल कमरेएवढी, हेक्टरी सुमारे दहा हजार वेली, घड मुठीत मावेल एवढा, मणी बोराच्या बीएवढे, जाड सालीचे. ती खाण्यासाठी नसतातच. पानांवर निळसर डाग होते ते तुम्ही पाहिलेत का माहीत नाही. मोरचूद आणि चुना. केवडा पडू नये म्हणून मामाही तेच बोर्डो मिश्रण मारतो, आणि ते आलंय फ्रान्समधूनच. न धुता खाल्लंत म्हणून मला त्या रात्री काळजी होती. तुम्हाला काही झालं नाही, देवाची कृपा.

न्युईला पोचलो तेव्हा दोनला दहा कमी. स्वयंपाकघर बंद. तुम्ही लिहिलंय, 'मालक तिथे हात जोडून उभा राहिला, पण एक आम्लेटही मिळवू शकला नाही.' खरं आहे, उभा राहिलो. बारा माणसांचं शाकाहारी जेवण त्यांनी आधीच ठरवून करून ठेवलं होतं. ज्या भागात अंड्याच्या रश्श्यातही डुकराचं मांस असतं तिथे हे सोपं नसतं, त्यासाठी माझे कितीतरी ईमेल झाले होते. पण त्यांच्याकडे जेवण बारा ते दोन म्हणजे बारा ते दोन. आचारी घरी गेला होता. फ्रान्समधल्या लहान गावांत हे सगळीकडेच असं आहे, आणि पुण्यात राहणाऱ्या माणसाने त्यावर काय बोलावं! त्यात सोमवार. निम्मी हॉटेलं आणि बेकऱ्या सोमवारी बंदच असतात. मग सोमवार का निवडला? मंडळी शुक्रवारी रात्री मुंबईहून निघतात, शनिवारी पॅरिसहून ट्रेनने दिजों, रविवारी सायकली मापाला लावायच्या. पहिली राईड सोमवारीच पडते. रजा कमी लागावी म्हणून हे वेळापत्रक तुमच्यासारख्या नोकरदार मंडळींनीच मागून घेतलेलं आहे.

आणि आता 'उपाशी'. माझी पत्नी लगेच व्हॅन घेऊन गावाबाहेरच्या सुपरमार्केटमध्ये गेली. अडीच वाजता झाडाखाली लांबडे फ्रेंच पाव (बागेत), टोमॅटो, कोंते चीज, केळी, दही, सफरचंदाचा रस आणि पुण्याहून नेलेला चिवडा एवढं मांडलेलं होतं. तुम्ही चीज दोनदा मागून घेतलंत. मोजत नव्हतो, पण शीर्षक वाचल्यावर आठवलं. हॉटेलला आधी दिलेले पैसे बुडाले, वरच्या खरेदीचे मी घातले, कुणाकडून एक युरो घेतला नाही. हे तेव्हा बोललो नाही. आताही बोलणार नव्हतो.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. 'वाईनच्या देशात नेऊन स्मशानातलं पाणी पाजलं' हे वाचून घरी आधी हसलो, मग पत्नी गप्प झाली, कारण बाटल्या तिने भरून दिल्या होत्या. फ्रान्समधल्या बहुतेक खेड्यांत कबरींवरच्या फुलांना घालायला दफनभूमीच्या फाटकाशी नळ असतो. दुकानं बंद असली तरी तो चालू असतो, आणि तिथले सायकलवालेही तिथेच बाटल्या भरतात. पिण्यायोग्य नाही अशी पाटी असेल तिथे आम्ही भरत नाही. तुम्हाला अशुभ वाटलं हे तिथल्या तिथे सांगितलं असतंत तर व्हॅनमधले बाटलीबंद पाण्याचे कॅन होते. आणि वाईन संध्याकाळीच का, तर तिथे रक्तातल्या अल्कोहोलची लिटरमागे 0.5 ग्रॅमची मर्यादा सायकल चालवणाऱ्यालाही लागू आहे. बोनला मुक्कामी पोचल्यावर टेस्टिंग झालंच की.

ई-बाईकची मोटर ताशी 25 किलोमीटरच्या वेगाला बंद पडते तो बिघाड नाही, युरोपातला कायदा आहे. सायकली ताब्यात देताना सांगितलं होतं.

'ब्रोशरमध्ये नद्यांची खोरी, प्रत्यक्षात कालवा' असंही तुम्ही म्हटलंय. सांतनेपासून आपण ज्या काठाने गेलो तो सोन आणि लुआर या दोन नद्या जोडणारा कालवा, आणि तो डन नदीच्या खोऱ्यातूनच जातो. पॉपलरची सावली, सपाट वाट, मोटारी नाहीत. त्या दिवशी सगळ्यात पुढे तुम्हीच होतात, मागे वळून 'चला रे' म्हणत होतात. पुढे शालोंला सोन नदी आली, चांगली रुंद, भरलेली. फोटोग्राफीचे जनक निएप्स त्याच गावचे. त्यांचं संग्रहालय दाखवायचं माझ्या मनात होतं, पण तोवर सगळ्यांच्या फोनची बॅटरी संपलेली होती. शेवटी जिव्री ते क्लूनी हा जुन्या रेल्वेमार्गावर केलेला सायकलरस्ता, फ्रान्समधला या प्रकारचा पहिला, 1997 चा. त्याबद्दल रिव्ह्यूमध्ये एक ओळही नाही. पाच दिवसांतला सगळ्यात सुंदर दिवस तो होता असं तुम्हीच रात्री जेवताना म्हणाला होतात.

किमतीबद्दल एवढंच, की विमान, ट्रेन, हॉटेलं, सायकली, व्हॅन, दोन माणसं, हे सगळं त्यात आहे. व्हिसाचे 90 युरो वेगळे, आणि ते आम्हाला मिळत नाहीत. आम्ही नवराबायको मिळून हा धंदा करतो. मोठ्या कंपनीकडे पाचशे रिव्ह्यू असतात, त्यात तुमचा एक बुडून गेला असता. आमच्याकडे मोजून थोडे आहेत आणि तुमचा सगळ्यात वर दिसतो.

तुमच्या सूचनांचा विचार नक्की करतोय. सोमवारी व्हॅनमध्ये पॅक लंच ठेवता येईल का ते पाहतोय. पहिल्या दिवशीचे फोटो थांबे थोडे आवरते घ्यावे असंही मनात आहे, अर्थात सगळ्यांच्या संमतीने. मळ्यात उतरू नये ही सूचना आता छापील पत्रकात टाकू. पाण्याबद्दलही काहीतरी करू.

तारे बदला असं मी म्हणणार नाही. फक्त शीर्षकातला तो एक शब्द जमलं तर बदला, 'उशिरा जेवण' म्हणा, 'गार जेवण' म्हणा. मे महिन्याच्या बॅचचं बुकिंग सुरू आहे आणि फोन करणारा प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो की तुमच्याकडे जेवायला मिळतं ना.

वहिनींना नमस्कार सांगा. पैठणीचे सगळे फोटो मोठ्या साईजमध्ये टाकले आहेत, लिंक आधीचीच आहे.

आपला,
टूरचालक, पुणे