काळा रंग सगळ्यात शेवटी

पेरूची राजधानी लिमा इथल्या चिचा पोस्टरांवरचा, म्हणजे चिचा संगीताच्या मैफलींच्या स्क्रीन प्रिंटिंगने छापलेल्या जाहिरातींवरचा लेख आवडला, पण 'काळ्या कागदावर फ्लुरोसंट शाई छापतात' हे दुरुस्त करायला हवं. ही शाई बरीचशी पारदर्शक असते. तिची चमक खालच्या पांढऱ्या कागदाच्या जिवावर असते. काळ्यावर ओढली की ती विझते. म्हणून आधी पिवळा, गुलाबी, हिरवा, आणि काळा शेवटी, रंगांच्या कडांवर १-२ मिलिमीटर चढवून. तेवढा चढ नसेल, तर कागद जरासा सरकला तरी अक्षराभोवती पांढरी रेघ उघडी पडते.

शाई ज्यातून कागदावर उतरते ती जाळी जाडच घ्या, सेंटिमीटरला ४० ते ५५ धाग्यांची. बारीक जाळीतून थर पातळ बसतो आणि रंग फिका दिसतो. मात्र जाड जाळीत चकानाचे, म्हणजे अँडीजमधल्या त्या पायऱ्यांच्या क्रूसाचे, बारा टोकदार कोपरे बोथट होतात. आकृती मोठी ठेवणं हाच इलाज.

आणि या रंगांना कृपया 'भडक' म्हणू नका. पेरूच्या डोंगराळ भागातल्या मांतारो खोऱ्यातल्या बायकांच्या भरतकामाचे रंग आहेत ते. डोंगरातून येऊन लिमाच्या कडेला वस्त्या उभारणाऱ्यांनी ते मैफलींच्या जाहिरातींतून शहराच्या भिंतींवर आणले. उन्हात ते फार लवकर उडतात, तेव्हा जपायच्या प्रती सावलीतच ठेवा.