फॉर्मवरचं 'नाही'

आमच्या माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले तीन आठवडे एकच विषय चालू आहे. बहिणीच्या मुलीला कोल्हापूरचं स्थळ आलंय. मुलगा चांगला, घर चांगलं, पत्रिका जुळते. भाची सव्वीस वर्षांची, हिंजवडीत नोकरीला, आणि सोळाव्या वर्षापासून तिला फिट येतात. येत होत्या म्हणायला हवं, कारण शेवटची येऊन तीन वर्षं झाली. तर मुलाकडच्यांना हे सांगायचं की नाही? सांगायचं तर कधी, कुणी आणि किती?

मामा म्हणतो, साखरपुड्याआधी सांगू. काकू म्हणते, तीन वर्षं काही नाही म्हणजे पोरगी बरी झाली, बऱ्या झालेल्या दुखण्याचा कुणी डांगोरा पिटतं का? मी इथून, इंग्लंडमधल्या लेस्टरहून, रात्री साडेअकराला लिहिलं, "सरळ सांगून टाका. इथे लोक ऑफिसात पहिल्या दिवशी सांगतात. यात लपवण्यासारखं काय आहे?" आणि झोपले. सकाळी बहिणीचा मेसेज, ग्रुपवर नव्हे, मला एकटीला: "ताई, तुझ्या वेळी सांगितलं होतं का आपण?"

नव्हतं सांगितलं.

मलाही मिरगी आहे. आमच्या मिरजेत प्रत्येक गल्लीत दवाखाना, कर्नाटकातून रेल्वेनं पेशंट येतात, तरी मला पहिली फिट कॉलेजच्या फाटकात आली तेव्हा कुणीतरी नाकाला चप्पल लावली होती. ती कोल्हापुरी होती आणि नवी होती, असं मैत्रिणीनं मला नंतर फार प्रामाणिकपणे सांगितलं. पुढे न्यूरोलॉजिस्टकडे जाणं झालं, ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी झाली, सोडियम व्हाल्प्रोएट हे फिटचं औषध सुरू झालं. आई येणाऱ्याजाणाऱ्याला एक वाक्य ठरवून सांगायची, "मेंदूचं आहे, मनाचं नाही." लाजेलाही उतरंड असते. 'फिट' म्हणजे शेजारणीसमोर कसंबसं चालणारा शब्द, 'डोक्यावर परिणाम' म्हणजे मान खाली. पहिल्यात बसता यावं म्हणून आई दुसऱ्यातल्या माणसांना बिनदिक्कत बाहेर ठेवत होती. तेव्हा माझ्या हे लक्षात आलं नाही.

२००१ साली माझं लग्न झालं. वकील मावसभावानं बाबांना समजावलं होतं की आता कायद्यातली अट गेली आहे, मग आपण होऊन बोलायचं कशाला? अट खरंच गेली होती. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं विवाहाच्या अटींमध्ये एक कलम आलं होतं: वेडाचे किंवा अपस्माराचे, म्हणजे मिरगीचे, झटके वारंवार येणारी व्यक्ती चालणार नाही. एकाच ओळीत दोन्ही. त्यातला 'अपस्मार' १९९९ मध्ये वगळला, वेड तिथेच राहिलं. आईची उतरंड संसदेनंही मान्य केली म्हणायची! कलंक पुसावा म्हणून केलेली दुरुस्ती आमच्या घरात गप्प बसायला सबब म्हणून वापरली गेली. आणि ती सबबही कच्चीच होती, कारण महत्त्वाची गोष्ट लपवली, फसवणूक झाली म्हणून लग्न रद्द करून मागायची तरतूद त्याच कायद्यात तेव्हाही होती, आजही आहे.

लग्नानंतर गोळ्या मी शतावरी कल्पाच्या डब्यात ठेवायचे. पिशवीत गुंडाळून तळाला, वर थोडा कल्प. सासूबाईंना वाटायचं सून तब्येतीची काळजी घेते. अडचण अशी की पाहुणे आले, स्वयंपाकघरात कुणी ना कुणी उभं असलं, की डबा उघडता यायचा नाही आणि गोळी चुकायची. पाचव्या महिन्यात नणंदेचं डोहाळजेवण होतं. दोन दिवस घर भरलेलं, दोन गोळ्या चुकल्या, त्यात जागरण. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता मी खाली कोसळले. नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा फिट पाहिली. जीभ चावली जाईल म्हणून त्यानं स्टीलचा चमचा दातांत घातला. फिट आलेल्याच्या तोंडात काहीही घालायचं नसतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांवर गेलं तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची. एवढं त्याला माहीत असतं तर माझा पुढचा दात आज पूर्ण असता. त्याला कुणी सांगणार कसं, त्यासाठी आधी आजार सांगावा लागला असता. (सासूबाईंनी नंतर एकच विचारलं, "मग शतावरी खात होतीस की नाही?")

२००६ साली आम्ही इकडे आलो. आता परदेशातून लिहिणारे सगळे जे लिहितात ते मलाही लिहिता येईल, आणि त्यातलं बरंच खरं आहे. इंग्लंडमध्ये मिरगीसाठी कायम औषध घेणाऱ्याला एक सर्टिफिकेट मिळतं, मग सगळीच औषधं फुकट. नोकरी देऊ करण्याआधी कंपनीला तुमच्या तब्येतीबद्दल प्रश्न विचारायला २०१० च्या समानता कायद्यानं, मोजके अपवाद सोडले तर, बंदी आहे. फिट आली तर गाडी बंद, डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या लायसन्स खात्याला, कळवायचं, नाही कळवलं तर हजार पौंडांपर्यंत दंड. पण बारा महिने फिट नाही आली तर लायसन्स परत. मधल्या काळात बसचा मोफत पास. २०१६ मध्ये मला एक फिट आली आणि मी वर्षभर त्या पासावर फिरले. पास सकाळी साडेनऊनंतर चालायचा आणि ऑफिस नऊचं, पण तक्रार करायची तरी कुणाकडे?

मला सगळ्यात उपयोगी पडली ती इथली एपिलेप्सी नर्स. फोनवर मिळते. २०१६ नंतर मला लेव्हेटिरासिटाम हे फिटचं दुसरं औषध सुरू केलं आणि दोन महिन्यांत मी घरात भांडी आपटायला लागले. मुलानं कपाटाचं दार उघडं ठेवलं म्हणून मी त्याच्यावर अशी ओरडले की तो दारामागे जाऊन उभा राहिला. नर्सनं फोनवर पहिला प्रश्न फिटचा विचारलाच नाही. "चिडचिड होते? झोप? रडू येतं? जगणं नकोसं वाटतं?" या औषधानं काहींचा स्वभावच पालटतो आणि मिरगीबरोबर नैराश्य, चिंता सर्रास येतात, हे मला आजार होऊन वीसेक वर्षांनी कळलं. मिरजेत तीन मिनिटांच्या भेटीत डॉक्टर विचारायचे, "आली का? नाही? तेच चालू ठेवा." 'मेंदूचं आहे, मनाचं नाही' हे वाक्य मुळात शास्त्रालाच धरून नव्हतं. तरी त्या वेळी आईला फोनवर मी नैराश्य म्हटलं नाही. "गोळीचा साइड इफेक्ट आहे" म्हटलं. लेस्टरमध्ये बसून.

पण इथल्याही अंगाला कमी डाग नाहीत. आमच्या १९७६ च्या कलमातली ती वेड आणि अपस्माराची जोडी मुळात इंग्लंडची. इथल्या १९३७ च्या कायद्यात नवराबायकोपैकी एकाला असे झटके असतील तर लग्न रद्द ठरवता येत होतं. १९७१ मध्ये यांनी कायदा बदलून अपस्मार काढला, आणि पाच वर्षांनी आपण त्याच जोडीला आपल्या पुस्तकात जागा दिली.

दुसरा डाग जास्त ताजा आहे. गरोदरपणी व्हाल्प्रोएट घेतलं तर दहातल्या एका बाळाला जन्मजात व्यंग आणि दहातल्या तीन-चार मुलांना विकासाच्या अडचणी येऊ शकतात. मला नशिबानं नर्सनं मूल होण्याआधीच विचारून गोळी बदलून दिली. इथल्या हजारो बायकांना कुणी सांगितलंच नाही. २०२० मध्ये सरकारनं नेमलेल्या, बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीचा अहवाल आला, त्यात वर्षानुवर्षं या बायकांचं कुणी ऐकलं नाही हे स्पष्ट लिहिलंय. आता नियम इतके कडक की २०२४ पासून पंचावन्नच्या आतल्या कुणालाही हे औषध नव्यानं द्यायचं तर दोन तज्ज्ञांची सहमती लागते. म्हणजे सांगायचं सोडून इथली व्यवस्थाही गप्प बसली होतीच. आमच्याकडे घर गप्प बसतं, इथे डॉक्टर बसले.

आणि वेळ? भाचीला तीन वर्षांपूर्वी फिट आली तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशी न्यूरोलॉजिस्ट, त्याच आठवड्यात एमआरआय आणि ईईजी. इथे माझ्या ऑफिसातल्या मुलीला पहिल्या फिटनंतर तज्ज्ञाची भेट मिळायला महिने गेले. समुपदेशनाची रांग तर विचारूच नका. तेव्हा 'तिकडे सगळं छान' हे वाक्य मी इथे राहूनही पचवू शकत नाही.

मग मी बहिणीला 'सरळ सांगून टाका' कशाच्या जिवावर लिहिलं? इथे मी खरं बोलते ते मला परवडतं म्हणून. डीव्हीएलएला खरं कळवलं तर माझी गाडी एक वर्ष जाते, कायमची जात नाही. ऑफिसात सांगितलं तर रात्रपाळी टळते, नोकरी टळत नाही. भाचीनं लर्निंग लायसन्स काढलं तेव्हा आरटीओचा फॉर्म १ भरला. त्यात पहिलाच प्रश्न आहे: तुम्हाला अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का? 'हो' लिहिलं की लायसन्स नाही. किती वर्षं फिट नाही, कोणती गोळी चालू आहे, झोपेतच येते की जागेपणी, यातलं काहीही पुढे कुणी विचारत नाही. पाच वर्षं एकही फिट न आलेला आणि काल रस्त्यात पडलेला, दोघांना एकच उत्तर. मग सगळेच 'नाही' लिहितात. ज्याला खरंच गाडी चालवू नये तोही. बारा महिन्यांची अट घातली असती तर निदान काही जण अकरा महिने थांबले असते.

नोकरीतही तेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात मानसिक आजार आहे, पार्किन्सन्स आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मिरगीचं नाव यादीत नाही. म्हणजे 'सांग' म्हणणारे आम्ही सगळे, आणि सांगितल्यावर तिच्या बाजूनं उभं राहील असं कलम मात्र सापडत नाही. दहा ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनी, ग्रुपवर फुलांच्या चित्रावर 'मोकळेपणाने बोला' येतं. बोला, जरूर बोला. पण जागतिक आरोग्य संघटना म्हणते की योग्य उपचार मिळाले तर मिरगीचे सत्तर टक्के लोक फिटशिवाय जगू शकतात. या सत्तरांना फॉर्ममध्ये एक जास्तीची ओळ मिळाली तर फुलाचं चित्र नसलं तरी चालेल.

घरचे अडाणी आणि इथले शहाणे, असंही कुणी समजू नये. २०१६ ची ती फिट मला बेलग्रेव्ह रोडवर आली, आमच्या इथल्या गुजराती बाजारात. पाहणाऱ्यांनी नंतर सांगितलं ते असं: भाजीच्या दुकानातले काका धावत आले ते हातात फोडलेला कांदा घेऊन. चाळीस-पन्नास वर्षं या देशात, पण कांदा तोच. त्यांच्या मागून बारा-तेरा वर्षांची नात आली, तिनं कांदा बाजूला केला, स्वतःचं जॅकेट माझ्या डोक्याखाली सारलं आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. शाळेत शिकवलं होतं म्हणे. दोन मिनिटं चाळीस सेकंद. शुद्धीवर आले तेव्हा ती पोर माझ्याशी गुजरातीत बोलत होती आणि काका कांदा धरून तसेच उभे होते.

बाहेर राहून घरच्यांसाठी काही करता येतं, याचं उदाहरण मला कॅनडातल्या कॅलगरीच्या डॉ. जगन्नाथ वाणींचं आठवतं. तिथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक, पत्नीला स्किझोफ्रेनिया. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, 'देवराई' चित्रपटामागेही त्यांचं बळ होतं. आईच्या उतरंडीत ज्यांना सगळ्यात खाली बसवलं होतं, त्यांच्या घरच्यांना एकत्र बसायला त्यांनी जागा दिली. मिरगीवाल्यांसाठी पुण्यातच संवेदना फाउंडेशन आहे, तिथे लग्नाची स्थळंही जुळवतात, दोन्हीकडच्यांना आजार माहीत असूनच. बहिणीला मी पत्ता पाठवला. ती म्हणाली, "बघू." हा 'बघू' आमच्या माहेरचा आहे, त्याचा अर्थ मला कळतो.

मग मी तिला माझं सगळं लिहिलं. शतावरीचा डबा, चमचा, दात. तिला दातामागचं कारण माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती समजत होती की मी बाथरूममध्ये घसरले, कारण मीच तसं सांगितलं होतं. तिनं ते भाचीला वाचायला दिलं.

शनिवारी भाचीचा फोन आला. म्हणाली, "मावशी, मीच सांगणार आहे त्याला. आईबाबा नाही, मामा नाही. कॉफी प्यायला भेटतोय, तेव्हा." मला बरं वाटलं. मग थोडं थांबून म्हणाली, "पण त्याला सांगितलं की तो विचारेल ना, मग तुला लायसन्स कसं मिळालं?"

मी तिला बारा महिन्यांचा नियम सांगितला, तीन वर्षं म्हणजे इथे तर तू केव्हाच चालवू शकली असतीस म्हटलं. ती हसली. "मावशी, मी वाकडला राहते."

रविवारी ते भेटतायत. स्कूटी सध्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आहे, कव्हर घालून. कंपनीची बस सात चाळीसला असते, त्यासाठी ती सहाला उठते.